हरायची सोय

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात जॅक्सन नावाचं गाव आहे. गावाला खेटून स्नो किंग नावाचा डोंगर आहे आणि १९७६ पासून दर मार्चमध्ये काही माणसं स्नोमोबाइल नावाचं धूड घेऊन हा डोंगर सरळ चढायला बघतात. पुढे दोन स्की, मागे दातेरी पट्टा, मध्ये कान किटवणारं इंजिन आणि त्यावर उभा एक मनुष्य. पायथ्यापासून माथा सुमारे दीड हजार फूट वर. वळणं घेत जाणारा रस्ता वगैरे नाही. बर्फाची भिंत, तीत रोवलेली निशाणं आणि घड्याळ. अर्ध्या वाटेत यंत्र उलटलं की ते माणसासकट किंवा माणसाशिवाय खाली यायला लागतं, म्हणून उतारावर जागोजाग स्वयंसेवक दोर घेऊन उभे असतात. घरंगळत येणारं दोनशे किलोंवरचं यंत्र अडवणं हे त्यांचं काम, आणि हे काम ते हौसेनं करतात. सगळ्यांत वरचढ ठरणाऱ्याला किताब मिळतो, ‘किंग ऑफ किंग्ज’. एवढा थाट असूनही डोंगरावर यंत्र चढवण्याच्या या खेळातल्या मंडळींचं रडगाणं आपल्याकडच्या तालीम संघासारखंच आहे: नवीन पोरं येत नाहीत. का येत नाहीत विचारलं की यादी तयार असते. यंत्र महाग, बर्फ लांब, हाडं मोडतात, परवानग्या मिळत नाहीत, घरचे नाही म्हणतात.

या यादीची परीक्षा घ्यायला चंडीमंदिरसारखी जागा नाही. पंचकुल्याला लागून, घग्गर नदीच्या काठची ही लष्करी छावणी. ज्या चंडीदेवीवरून चंदीगड शहराला नाव मिळालं तिचं देऊळ इथलं. म्हणजे देवी हरियाणात आणि तिच्या नावाचं शहर केंद्रशासित. पण त्या भानगडीत आपण पडायला नको, दोन राज्यं तिथे आधीच पडलेली आहेत. उंची समुद्रसपाटीपासून साडेतीनशे-चारशे मीटर. जूनमध्ये डांबर चपलेला चिकटतं आणि बर्फ बघायचा तर तो सरबताच्या गाडीवर. लष्कराच्या वेस्टर्न कमांडचं मुख्यालय पूर्वी सिमल्याला होतं, ते १९८५ च्या सुमारास इथे आलं. एवढी शिस्तीची आणि धडधाकट संघटनासुद्धा बर्फ सोडून खालीच उतरली, हे या खेळाच्या प्रचारकांनी ध्यानात ठेवावं. पण बर्फ सोडला तर चंडीमंदिरात काय नाही? हजारोंनी तरुण, तेही पहाटे पाचला उठणारे. बिघडलेलं काहीही दुरुस्त करणारे फौजेचे मिस्त्री. शेजारी चंदीगडचा हवाई तळ, जिथून विमानं लेहकडे माल घेऊन उडतात. एवढंच नव्हे, इथे बदलून आलेल्यांत सियाचीनवर राहून आलेले जवानही सापडतील. १९८४ च्या एप्रिलमध्ये ‘ऑपरेशन मेघदूत’ झालं तेव्हापासून फौज त्या हिमनदीवर आहे आणि तिथे स्नो स्कूटर, म्हणजे हेच स्नोमोबाइल, हे रोजच्या हमालीचं वाहन आहे. देशात हे यंत्र खरोखर चालवता येणारी माणसं मोजायची तर त्यांतली पुष्कळशी गणवेशातच निघतील. पण त्या जवानाला जाऊन सांगा, की बाबा रे, तू ज्यावरून रॉकेलचे डबे वाहिलेस ते वाहन जगात लोक स्वखर्चानं, सुट्टी काढून, डोंगरावर पळवतात. तो आधी विचारील, हरणाऱ्याला वरच ठेवून येतात का?

थट्टा वाटेल, पण प्रश्न नेमका आहे. आपण सगळे यादीत पैसा, बर्फ आणि हाडं शोधत बसतो; हरणाऱ्याचं पुढे काय करतात हे कोणी विचारत नाही. खेळाला माणसं मिळणं न मिळणं त्यावर ठरतं असं माझं म्हणणं आहे. जिंकायची सोय सगळेच खेळ करतात, करंडक काय बाजारात मिळतो. हरायची सोय ज्या खेळात आहे तिथे गर्दी आवरत नाही, आणि ज्यात ती नाही तिथे फुकट यंत्र दिलं तरी दुसऱ्या वर्षी कोणी फिरकत नाही.

चढावर वेगानं जाण्याची हौस कमी पडते म्हणावं, तर शुक्रवारी संध्याकाळी चंडीमंदिरच्या टोलनाक्यावर उभं राहावं. फास्टॅग पावला, आडवा दांडा वर गेला, की ती शर्यतीची सुरुवातच. पिंजोर, कालका मागे टाकून परवानूला चढ लागला रे लागला की थार, फॉर्च्युनर, बुलेट आणि टपावर चार बॅगा बांधलेली ऑल्टो असे सगळे एकमेकांना हॉर्न देत कसौलीच्या दिशेनं सुटतात. पन्नासेक किलोमीटरांत दीड हजार मीटर चढ. स्नो किंगच्या तिप्पट. याच डोंगरात १९०३ पासून कालका-सिमला गाडी चढते आहे. शहाण्णव किलोमीटरला तिला पाच-साडेपाच तास लागतात आणि तरी तिची तिकिटं मिळत नाहीत. म्हणजे चढायला माणसं आहेत, वेगानं चढायला आहेत, सावकाश चढायलाही आहेत. हेल्मेट न घालता, डाव्या हातात वेफर्सचं पाकीट धरून, आंधळ्या वळणावर ट्रकला ओलांडण्याइतकं शौर्यही त्यांच्यात आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ सांगतं की राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वेगाची शर्यत लावायची नाही. लेखी संमती नाहीच, तोंडीही कोणी मागितलेली नाही, पण शर्यत दर आठवड्याला वेळेवर सुरू होते.

याच माणसांना सांगा की हे सगळं रीतसर करू या. रस्ता बंद करू, रुग्णवाहिका ठेवू, घड्याळ लावू, डॉक्टरचं प्रमाणपत्र आणा, फेडरेशनचं लायसन काढा. दहातले नऊ तिथेच गळतात, आणि ते काही प्रमाणपत्राला भिऊन नव्हे. याच माणसांनी कारच्या कर्जासाठी तीन वर्षांची आयकर विवरणं दोन प्रतींत दिलेली असतात. रस्त्यावर एक मोठं सुख आहे. तिथे हरणारा कोणीच नसतो. ज्यानं एक ऑल्टो मागे टाकली तो जिंकला. ज्याला थारनं मागे टाकलं तो म्हणतो, मी फॅमिली घेऊन चाललोय, आपल्याला कसली घाई. आणि ऑल्टोवाला म्हणतो, पुढे धर्मपूरच्या ढाब्यावर भेटतातच सगळे. तिघेही सोमवारी कचेरीत समाधानानं हजर. घड्याळ लावलं की हे समाधान संपतं. घड्याळ सांगतं, तुम्ही त्रेचाळिसावे. त्रेचाळिसावा आलेला माणूस घरी जाऊन काय सांगणार? खेळात त्याच्यासाठी वाक्यच लिहून ठेवलेलं नाही.

आता याच्या उलट बाजूचा पुरावा. त्यासाठी लांब जायला नको, छावणीतल्या मराठी बराकीतच तो सापडतो. चैत्र जवळ आला की खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ, शिरूर अशा तालुक्यांतल्या जवानांना गावाकडची अतिमहत्त्वाची कामं आठवू लागतात. सुट्टीच्या अर्जावर कारण ‘घरगुती’ असतं. घर म्हणजे गाव, आणि घरगुती म्हणजे यात्रेतली बैलगाडा शर्यत, हे सुभेदारसाहेबांना ठाऊक असतं, कारण पुष्कळदा ते स्वतः त्याच बाजूचे असतात. साताऱ्या-सांगलीकडे गाड्या सपाट रानात शेजारी शेजारी पळतात, विदर्भात शंकरपट भरतो. खेड-जुन्नरचा प्रकार मात्र निराळा. तिथे धावपट्टीला ‘घाट’ म्हणतात, कारण ती चढाची असते. एका वेळी एकच गाडा, समोर चढ, आणि वर सेकंद मोजणारं घड्याळ. म्हणजे ही जॅक्सनचीच शर्यत झाली, बर्फाच्या जागी मुरूम आणि इंजिनाच्या जागी चार बैल. जॅक्सनला राजांचा राजा असतो, इथे सगळ्यांत कमी वेळात चढलेला गाडा ‘घाटाचा राजा’. वायोमिंगवाल्यांनी आपल्याकडून उचललं असं म्हणायचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. तेवढ्यावरून कुठेतरी मोर्चा निघायचा.

निमगावच्या खंडोबाला किंवा तशा एखाद्या घाटात एक बारी नीट बघावी. एका गाड्याची एक धाव म्हणजे एक बारी. खाली दहा-बारा गडी बैलांच्या कासऱ्यांना आणि शिंगांना झोंबून उभे, कारण बैलांना काय होणार ते कळलेलं असतं. सगळ्यांत पुढे घोडी, तिच्यावर मांड ठोकून बसलेला पोरगा. भंडारा उधळून उधळून हवाच पिवळी झालेली. हलगी तापलेली. आणि भोंग्यावर निवेदक. अकरा-बारा सेकंदांच्या बारीला याची प्रस्तावना दोन मिनिटांची: अमुक देव प्रसन्न, कैलासवासी आजोबांचं नाव, गाडामालकाचं नाव, त्याच्या चुलत्यांची नावं, गावाचं नाव, वाडीचं नाव, सध्याच्या आणि माजी सरपंचांची नावं. मग निशाण, ‘भिर्रर्र’ अशी आरोळी, आणि धुळीचा एक लोट वर सरकत जातो. त्याच्या बाजूनं निम्मं गाव पळत असतं, ज्यांना गुडघेदुखीसाठी डॉक्टरांनी जिना चढायची बंदी केलेली आहे तेसुद्धा. वर घड्याळवाला सेकंद सांगतो, निवेदक तो पॉइंटासकट ओरडतो, आणि सेकंद कानावर पडायच्या आत पुढच्या गाड्याचे आजोबा सुरू झालेले असतात. एका यात्रेत अशा शेकडो बाऱ्या होतात. टोकन मिळवण्यासाठी मालकांची झुंबड उडते, वशिले लागतात, आणि आपली बारी झालीच नाही म्हणून वर्षभर अबोला धरणारेही असतात. जगभरचे आयोजक खेळाडू येत नाहीत म्हणून रडतात, आणि इथे पंचमंडळी आलेल्यांना कसं थोपवायचं या काळजीत.

यामागची युक्ती बघा. बारी बसली नाही, गाडा रेंगाळला, तर हरलं कोण? मालक नव्हे. पुढच्या जोडीतला उजवीकडचा खोंड नवखा होता. घोडी गर्दीला बुजली. पोरानं तिला उशिरा हाणली. सकाळी घाटाला पाणी जास्त मारलं होतं. प्रेक्षक आत घुसले. आणि शेवटी घड्याळवाल्यानं बटण उशिरा दाबलं, दाबणारच, तो पलीकडच्या गावचा. चार बैल, एक घोडी, एक पोरगा, एक घाट आणि एक घड्याळ एवढ्यांत वाटून घेतल्यावर मालकाच्या वाट्याला हरणं उरतं किती? चहाबरोबर संपेल इतकं. जिंकला तर मात्र फेटा त्याच्या डोक्यावर आणि गुलाल सगळ्या वाडीवर. बिचाऱ्या स्नोमोबाइलवाल्याकडे बघा. यंत्र त्याचंच, पट्टा त्यानंच निवडलेला, घसरला तर तो एकटा घसरला, आणि घसरतानाची फीत त्याच्याच शिरस्त्राणावरच्या कॅमेऱ्यानं काढलेली. दोष द्यायला आसपास एक प्राणी नाही.

दुसरी युक्ती याहून नामी. बऱ्याच घाटांत पहिला नंबर एका गाड्याचा नसतोच. ठरलेल्या सेकंदाच्या आत आलेले सगळे गाडे पहिल्या नंबरात, त्यापुढच्या सेकंदातले दुसऱ्या नंबरात, त्याच्या पुढचे तिसऱ्या. बक्षिसाची रक्कम त्या त्या नंबरातल्या गाड्यांत वाटायची. त्यामुळे यात्रेच्या दुसऱ्या दिवशी तालुक्यात पहिल्या नंबरात आलेले डझनावारी मालक हिंडत असतात आणि कोणाचंच बोलणं खोटं नसतं. ज्याला खऱ्या अर्थानं सगळ्यांच्या पुढे जायचं आहे त्याच्यासाठी घाटाचा राजा हा किताब राखून ठेवलेला आहे. बाकीच्यांनी आपापल्या सेकंदात सुखानं राहावं. शाळेतल्या टक्केवारीत ज्यांना हे सुख मिळालं नाही ते घाटात येऊन ते मिळवतात.

पहिला आक्षेप पैशाचा, आणि तो नेहमी सगळ्यांत मोठ्या आवाजात येतो. डोंगरावर चढणारं नवं स्नोमोबाइल अमेरिकेत पंधरा-वीस हजार डॉलरांना पडतं, म्हणजे आपले बारा-पंधरा लाख किंवा त्याहून जास्त. सामान्य माणसानं आणायचे कुठून? पण घाटातला नावाजलेला बैलही लाखांत विकला जातो आणि तो यंत्रासारखा दहा महिने ताडपत्रीखाली झाकून ठेवता येत नाही. त्याला रोज दूध, अंडी, उडदाची डाळ लागते. मालकाच्या मुलाला ते सगळं मिळतंच असं नाही. खरी कसोटी तर पुढे लागली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींवर बंदी घातली. राज्यानं २०१७ मध्ये कायदा बदलला, तो पुन्हा कोर्टात अडकला, आणि १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना अंतरिम परवानगी मिळाली. १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं कायदा ग्राह्य धरला. म्हणजे सात वर्षं शर्यत कायद्यानं बंद. कुठल्याही अर्थशास्त्रज्ञाला विचारा, तो म्हणेल बैल विकून टाकले असतील. पण बंदी उठल्यावर थोड्याच आठवड्यांत घाट पुन्हा भरायला लागले, आणि गाडे काही आकाशातून पडले नव्हते. ज्या खेळात मिळकत शून्य आणि शर्यत बेकायदा, त्यासाठी माणसं सात वर्षं जनावर पोसत राहिली. तेव्हा पैसा नाही म्हणून खेळाडू नाहीत हे म्हणणं ऐकून घ्यावं, लिहून घेऊ नये. बक्षिसाच्या लोभानं येतात म्हणावं तर तेही जमत नाही. २०२२ च्या मे महिन्यात पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत झालेल्या शर्यतीचं पहिलं बक्षीस जेसीबी होतं. बैलांनी चढ जिंकायचा आणि बक्षीस म्हणून तो चढच सपाट करणारं यंत्र घरी न्यायचं. यात हिशेब शोधणाऱ्यानं आपली तब्येत तपासून घ्यावी.

धोक्याच्या आक्षेपाला परवानूच्या वळणांनी उत्तर दिलेलंच आहे. राहिला बर्फ. बर्फ नाही तिथे बर्फाचा खेळ कसा वाढणार, हा प्रश्न दिसतो शहाणा पण आहे भाबडा. अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिनमध्ये ग्रँट्सबर्ग गावी दर जुलैत स्नोमोबाइलच्या शर्यती चक्क तळ्यावर होतात. यंत्र पुरेशा वेगात ठेवलं तर ते पाण्यावरून पळतं. वेग कमी केला तर बुडतं, आणि मग क्रेन लागते. मिनेसोटात गवतावरही पळवतात. चंदीगडला सुखना तलाव आहे, तेव्हा इथेही करून बघावं असं कोणी सुचवील, पण शहर आखणाऱ्या ले कॉर्बुझिएनं आधीच बजावून ठेवलंय की या तलावात मोटारबोट आणायची नाही. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. आणि आपल्या महाराष्ट्राचं बघा. २०२४ च्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत लष्कर पहिलं आलं ते ठीक, त्यांची गुलमर्गला शाळाच आहे. पण तिसऱ्या क्रमांकावर महाराष्ट्र होता. ज्या राज्यात बर्फ पडतो तो फक्त गारांच्या रूपात आणि त्याचे पंचनामे होतात, ते राज्य हिवाळी खेळांत हिमाचल आणि जम्मू-काश्मीरच्या वर. मॉलमधल्या कृत्रिम बर्फावर स्केटिंग शिकलेली पोरं यात पुष्कळ होती. त्यांना बर्फ लागला नाही. जवळ एक रिंक, एक सर आणि शनिवार-रविवारी सोडायला येणारी आई लागली.

एक आक्षेप मात्र टोलवून लावता येत नाही. तुम्ही ज्या खेळाचा दाखला देताय त्यात मुक्या जनावराला हरायची काय सोय आहे? काहीच नाही. २०१४ चा निकाल हवेतून आला नव्हता. खिळे लावलेल्या काठ्या, शेपट्या पिरगाळणं, विजेचे झटके हे सगळं कोर्टापुढे आलेलं होतं, आणि आताच्या नियमांत पशुवैद्याची तपासणी, काठी-चाबकाला मनाई, धावेच्या अंतराला हजार मीटरांची मर्यादा आहे ती त्याच्याच पोटी. या बाबतीत स्नोमोबाइल केव्हाही श्रेष्ठ: त्याला कितीही पिरगाळा, तक्रार करायला येतो तो फक्त कर्जाचा हप्ता. आणखी एक. घाटाच्या त्या सुखी कुटुंबात बायका कुठे असतात? बहुतेक स्वयंपाकाच्या चुलीपाशी, पाहुण्यांच्या पंगती उठवत. हरणं एवढ्या जणांत वाटलं जातं, पण वाटणीत निम्म्या गावाचं नाव नाही. तेव्हा घाटातून घ्यायचं ते हरण्याचं वाटप तेवढं घ्यावं, चाबूक आणि चूल तिथेच ठेवावी.

आता शेवटचा आणि सगळ्यांत कडक आक्षेप, जो चंडीमंदिरसारख्या ठिकाणी हमखास निघेल. पिळदार मिशीचे एखादे निवृत्त कर्नलसाहेब म्हणतील, हे लाड आहेत. सगळ्यांनाच पहिला नंबर वाटलात तर स्पर्धा कसली? खेळ म्हणजे कस. खरं आहे, पण कस लावायला आधी सोनं-पितळ मिळून काहीतरी दुकानात यावं लागतं. पुण्याचे रॅलीचालक संजय टकले डकार क्लासिक रॅलीपर्यंत गेले याचा अभिमान सगळ्यांनाच आहे. पण त्यांच्या मागे शंभर जण नाशिक-पुण्याच्या रॅलीत सत्तराव्या क्रमांकावर दर वर्षी आनंदानं येत असते, तर एकाच नावावर मराठी वर्तमानपत्रांना इतकी वर्षं काढावी लागली नसती. पर्वताला शिखर असतं ते पायथ्याच्या जिवावर, आणि आपल्याकडे मोटारस्पोर्टचा पायथाच कोणी बांधत नाही. थेट शिखरावर झेंडा लावायला दोन माणसं पाठवतात. जॅक्सनवालेही याबाबतीत दिसतात तितके निष्ठुर नाहीत. त्यांनी यंत्रांचे वर्ग पाडलेत: दुकानातून आणलं तसंच, थोडं सुधारलेलं, आणि ओळखू न येण्याइतकं बदललेलं; शिवाय इंजिनाच्या आकाराप्रमाणे वेगळे, बायकांचे वेगळे. राजांचा राजा शेवटी एकच, पण वाटेत किती छोटी संस्थानं! ज्यानं हे वर्ग पाडले त्याला घाटातला पंच म्हणून कोणीही बोलावील. कमी पडतं ते एवढंच, की वर्ग कितीही पाडले तरी यंत्रावर माणूस एकटा. त्याच्या हरण्यात वाटेकरी नाहीत.

म्हणून हा खेळ भारतात रुजवायचाच असेल, आणि तो का रुजवावा हे मला अजून नीटसं कळलेलं नाही, तर मुहूर्त फौजेकडूनच करावा. तिथे वाटेकऱ्यांची व्यवस्था तयार आहे. फौजेत माणूस हरत नाही, कंपनी हरते. कंपनीही हरत नाही, ‘या वेळी ट्रॉफी अमुक पलटणीकडे गेली’ एवढंच होतं, आणि पुढच्या वर्षी ती आणायची जबाबदारी सव्वाशे जणांवर पडते. नायक घसरला तर मिस्त्रीनं क्लच नीट बसवला नव्हता, मिस्त्री म्हणणार सुटा भाग वेळेवर आला नाही, भांडारवाला म्हणणार मागणीपत्रावर सही नव्हती, आणि सही करणारे साहेब बदलून गेलेले. जगात याहून भक्कम हरायची सोय कुठे असेल? वर ज्याला मराठी निवेदक हवा त्यानं जुन्नर-खेडचा एखादा हवालदार भोंग्यासमोर उभा करावा. उणे वीस अंशांत त्याची दोन मिनिटांची प्रस्तावना चार मिनिटांवर जाईल एवढंच.

नागरी बाजूही अगदी उपाशी नाही. गुलमर्ग, सोलांग, कुफ्री कुठेही जा, डिसेंबरात बर्फ कमी आणि मराठी सहली जास्त. खाली भाड्याच्या दुकानात प्रत्येकाच्या अंगावर कोणीतरी आधी घातलेला, किंचित ओला, जांभळा नाही तर पोपटी अंगरखा चढवलेला असतो. गमबूट डावा आठ नंबरचा, उजवा नऊचा. आणि कपडे परत आणताना घोळ होऊ नये म्हणून पाठीवर पांढऱ्या रंगात मोठा आकडा रंगवलेला. काका स्नो स्कूटरवर चालवणाऱ्याच्या मागे बसतात, शंभर-दोनशे मीटर चढ चढून वळसा घेऊन परत येतात, आणि उतरल्या उतरल्या सांगतात की ड्रायव्हर घाबरट होता, नाहीतर अजून जोरात गेलो असतो. खेळाडूला लागतं ते सगळं इथे आहे: पाठीवर क्रमांक, समोर चढ, दोष द्यायला ड्रायव्हर, आणि खाली मोबाइल घेऊन ओरडणारी बारा नातेवाइकांची वाडी. कमी फक्त घड्याळाची. तेही सहलीत कोणाच्या तरी मनगटावर असतंच, पण ते बघायला कोणाला बसवायचं यावर एकमत व्हायचं नाही, कारण जोशीकाकूंच्या म्हणण्याप्रमाणे टूर मॅनेजर पहिल्या दिवसापासून नागपूरच्या ग्रुपलाच खिडकीची सीट देतोय.